राख कुणाची, प्याला कुठला? एट्रुस्कन सीमेवरच्या कबरींविषयी

प्रश्न असा आहे: एट्रुस्कन म्हणजे रोमच्या उदयाआधी मध्य इटलीत शहरं वसवणारे लोक. त्यांच्या सुरुवातीच्या वस्त्यांपैकी ज्या सीमेवर होत्या, तिथल्या कबरींत ग्रीक प्याले, बाल्टिकचं अंबर (दागिन्यांत वापरतात तो झाडाच्या डिंकाचा जीवाश्म), शेजारच्या जमातींचे दागिने असं सगळं एकत्र सापडतं. काही ठिकाणी दहन आणि दफन शेजारी-शेजारी दिसतं. मग या वस्त्या मिश्र लोकांच्या होत्या असं मानायचं का? आणि कबर पाहून ‘हा एट्रुस्कन, तो ग्रीक’ असं सांगता येतं का?

थोडक्यात उत्तर: वस्त्या मिश्र होत्या, पण कबरीतल्या वस्तूंवरून माणसाचं मूळ सांगता येत नाही. लग्नात आलेल्या आहेरावरून जसं नवरीचं गोत्र कळत नाही, तसंच हे. परदेशी प्याला एवढंच सांगतो की तो प्याला तिथवर पोहोचला. माणूस कोणाचा म्हणून गणला गेला हे पाहायचं असेल तर त्याच्या देहाचं काय केलं, अस्थी कशा सावडल्या, कशात ठेवल्या आणि वर काय झाकलं, तिकडे लक्ष द्यावं लागतं. मी जळालेल्या हाडांवर काम करते. त्यामुळे माझा ओढा साहजिकच राखेकडे आहे, पण हे मत केवळ त्या ओढ्यातून आलेलं नाही. सीमेवरच्या कबरींत वस्तू फार लवकर बदलतात आणि विधी फार हळू बदलतो. जिथे विधीही बदलतो, तिथे काहीतरी मोठं घडलेलं असतं.

आधी मूळ विधी समजून घेऊ. १८५३ मध्ये बोलोन्याजवळ विलानोव्हा इथे जोव्हान्नी गोझ्झादिनी यांना आपल्या जमिनीत जुन्या कबरी लागल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी जवळपास दोनशे कबरी उघडल्या. त्या गावावरून इटलीतल्या लोहयुगाच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. ९०० ते ७२० या काळाला, विलानोव्हा संस्कृती हे नाव पडलं. हे लोक एट्रुस्कनच होते, असं गोझ्झादिनी यांचं म्हणणं होतं. त्यावर कित्येक दशकं वाद झाला. आज बहुतेक अभ्यासक त्यांच्याच बाजूला आहेत, कारण तारक्विनिया, व्हेई, व्हुल्ची, चेर्वेतेरी ही पुढची एट्रुस्कन शहरं विलानोव्हा काळातल्या वस्त्यांच्याच जागी, मध्ये खंड न पडता वाढली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास तिथे लिहिणं सुरू झालं, ते एट्रुस्कन भाषेत.

त्या काळातला अंत्यविधी असा होता. प्रेत चितेवर जाळायचं. मग हाडं वेचून मातीच्या कलशात भरायची. हा कलश हाताने घडवलेला, काळपट, दोन शंकू एकमेकांवर टेकवावेत तसा पोटाशी फुगीर. त्याला दोन कान असतील तर एक मुद्दाम तोडलेला असतो. तोंडावर उपडा वाडगा. काही पुरुषांच्या कलशावर वाडग्याऐवजी ब्राँझचं तुरेदार शिरस्त्राण, किंवा त्याच शिरस्त्राणाची मातीची नक्कल. मग हा कलश विहिरीसारख्या अरुंद खड्ड्यात उतरवायचा. पुरुषाबरोबर वस्तरा आणि कपडा अडकवायची पिन, बाईबरोबर टकळीची चकती, पिना, दागिने. दक्षिण एट्रुरियात आणि तायबरपलीकडच्या लॅटिन मुलखात काहींच्या अस्थी झोपडीच्या आकाराच्या कलशात ठेवलेल्या दिसतात.

यातलं महत्त्वाचं असं, की कलश केवळ भांडं नव्हता. देह चितेत गेला होता, आणि कलशाच्या रूपाने तो पुन्हा उभा केला जात होता. शिरस्त्राण म्हणजे डोकं, कलशाचं पोट म्हणजे धड. कधी त्याभोवती कापड गुंडाळून वर पिना लावलेल्या, कधी पट्टा बांधलेला. घरच्यांनी माणसाला दुसऱ्यांदा कपडे घातले होते.

आता सीमा. नकाशावर रेघ ओढावी अशी सीमा इथे नव्हती. आर्नो आणि तायबर या नद्यांमधला मुलूख हा एट्रुरियाचा गाभा. त्याच्या बाहेर इ.स.पू. नवव्या शतकापासूनच या विधीची बेटं दिसतात. उत्तरेला पो नदीच्या मैदानाच्या कडेला बोलोन्या. एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला रिमिनीजवळचं व्हेरुक्किओ आणि त्याच्याही दक्षिणेला फेर्मो. कांपानियात कापुआ आणि सालेर्नोजवळचं पोंतेकान्यानो, आणि तिथून आत डोंगरांतल्या खोऱ्यात साला कोन्सिलिना. याशिवाय तायबरच्या जवळचं व्हेई होतंच. नदीच्या पलीकडे लॅटिन लोक. या सगळ्यांना मी एका माळेत ओवणार नाही, कारण प्रत्येक ठिकाणी शेजारी वेगळा होता आणि गरज वेगळी होती.

व्हेरुक्किओवर थोडं थांबते. मारेक्किया नदीच्या खोऱ्यावर लक्ष ठेवणारी ही टेकडी. खोऱ्याच्या एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाकडून तायबरच्या वरच्या खोऱ्यात उतरायची वाट. दक्षिणेला पिसेनी लोक, आणि ते मृतांना जाळत नसत, पुरत. म्हणजे व्हेरुक्किओच्या माणसांना आपल्यासारखा विधी करणारे शेजारी दक्षिणेकडे जवळपास नव्हतेच. तरीही इ.स.पू. आठव्या आणि सातव्या शतकात ते प्रेत जाळत राहिले आणि कलशात अस्थी भरत राहिले. याच काळात तारक्विनिया आणि व्हेई इथे चित्र पालटत होतं. तिथे प्रेत लांबट खड्ड्यात पुरणं वाढत चाललं होतं, आणि सातव्या शतकात श्रीमंत घराण्यांनी दगडी खोल्यांच्या कबरी बांधायला घेतल्या. मूळ मुलखात जुनी रीत सुटत असताना दूरच्या टेकडीवर ती जपली जात होती.

याला मागासलेपणा म्हणणं मला मुळीच पटत नाही. व्हेरुक्किओ गरीब नव्हतं आणि जगापासून तुटलेलंही नव्हतं. बाल्टिक किनाऱ्यावरून आल्प्स ओलांडून येणारं अंबर तिथे इतक्या प्रमाणात सापडतं, की त्या काळातल्या इटलीत त्याला तोड क्वचितच आहे. ते नुसतं हातून पुढे जात नव्हतं. कपड्यांच्या पिनांवर अंबराचे तुकडे बसवलेले, कानातले, मण्यांच्या माळा असं बारीक काम तिथे होत होतं. जगाशी एवढा व्यवहार असलेल्या माणसांनी अंत्यविधी मात्र आपलाच ठेवला. माझ्या मते ती निवड होती. रोज परक्यांशी देवघेव करणाऱ्या वस्तीला ‘आपण कोण’ हे ठरवण्याची गरज आतल्या गावापेक्षा जास्त वाटते, आणि त्यासाठी सगळ्या गावाने मिळून करायचा अंत्यविधी ही योग्य जागा असते. इथे एक अडचणही सांगायला हवी. एट्रुरियाच्या आतल्या भागातल्या कियुसीनेही दहन शतकानुशतकं सोडलं नाही. तिथे तर कलशाला माणसाचं डोकं देऊन तो खुर्चीवर बसवायची रीत निघाली. म्हणजे ‘दहन टिकलं, म्हणून सीमा’ असं उलटं समीकरण मांडता येत नाही. शेजारी कोण होते आणि ते काय करत होते, हे प्रत्येक ठिकाणी पाहावंच लागतं.

व्हेरुक्किओतल्या लिप्पी दफनभूमीतली ८९ क्रमांकाची कबर या सगळ्याचा कळस आहे. काळ इ.स.पू. ७०० च्या आसपासचा. शस्त्रं, दोन शिरस्त्राणं, रथाचं साहित्य असलेली ही योद्ध्याची कबर. जमीन ओलसर असल्यामुळे लाकूड आणि कापड टिकलं, आणि ही गोष्ट भूमध्य प्रदेशात फार दुर्मीळ आहे. तिथे एक लाकडी सिंहासन मिळालं. त्याच्या पाठीवर कोरलेलं आहे लोकरीचं काम: लोकर तयार करणं, उंच मागांवर बसून विणणाऱ्या स्त्रिया, गाड्यांतून येणारी माणसं. योद्ध्याच्या कबरीत विणकामाचं एवढं मोठं दृश्य कशाला? कारण त्या घराण्याची प्रतिष्ठा तलवारीइतकीच कापडावर उभी होती. असाच प्रसंग बोलोन्याच्या एका श्रीमंत कबरीतल्या ब्राँझच्या लटकत्या घंटावजा पट्टीवर आहे, सातव्या शतकाच्या उत्तरार्धातला: सूत कातणं, ताणा लावणं, दुमजली मागावर विणणं. दोन्ही ठिकाणं सीमेवरची. लोकर आणि कापड हा त्या वस्त्यांचा स्वतःचा माल होता, आणि अंबर आणि ब्राँझसाठी जे काही द्यावं लागे त्यात त्याचा वाटा मोठा असणार.

व्हेरुक्किओच्या याच ८९ क्रमांकाच्या कबरीतून अर्धगोल कापाचे लोकरी अंगरखे मिळाले, विणलेल्या काठांचे. रोमन टोग्याचे, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राचे, हे पूर्वज मानले जातात. व्हेरुक्किओत कलशाला कपडे घालण्याची रीत होती हे आपण आता अंदाजाने म्हणत नाही. कापड समोर आहे, पिना जिथे होत्या तिथेच आहेत.

फेर्मोची गोष्ट वेगळी आणि छोटी. पिसेनी मुलखाच्या मधोमध हे विलानोव्हा विधीचं बेट. सुरुवातीला कलश, शिरस्त्राणं, सगळं ओळखीचं. मग हळूहळू पुरण्याची पद्धत वाढत जाते, आणि शेवटी कबरी आसपासच्या पिसेनी कबरींसारख्याच होतात. कुठेही जाळपोळीचा, कत्तलीचा मागमूस नाही. काही पिढ्यांत ते गाव शेजाऱ्यांत मिसळलं. व्हेरुक्किओ आणि फेर्मो दोन्ही एकाच किनारपट्टीच्या मागे, शेजारी जवळपास तेच, आणि निकाल उलटा. म्हणून कुणी ‘सीमेवर असंच घडतं’ असा नियम सांगितला की मला फेर्मो आठवतं.

आता पोंतेकान्यानो. रोमन लेखक ज्येष्ठ प्लिनीने सोरेन्तोपासून सिलारुस नदीपर्यंतचा हा मुलूख एकेकाळी एट्रुस्कनांचा होता असं लिहून ठेवलं आहे. पण ते वाक्य खरं किती, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो कबरी उघडल्यावरच कळलं. नवव्या शतकातल्या कबरींत दुहेरी शंकूचे कलश आहेत, शिरस्त्राणाच्या आकाराची मातीची झाकणं आहेत, आणि सुरुवातीपासूनच शेजारी पुरलेली माणसंही आहेत. आसपासच्या कांपानियातले स्थानिक लोक पुरणारेच होते. म्हणजे इथे दोन रीती एकाच गावात पहिल्या दिवसापासून एकत्र नांदत होत्या.

आठव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागे इथल्या कबरींत ग्रीक प्याले येतात. युबीआ बेटावरचे, काहींवर लोंबती अर्धवर्तुळं, काहींवर व्ही-आकाराच्या रेघांची रांग. ही वाईन प्यायची भांडी. नेमक्या याच सुमारास युबीआच्या ग्रीकांनी इस्किया बेटावर पिथेकूसाई वसवलं. व्हेईच्या क्वात्रो फोन्तानिली दफनभूमीतही असेच प्याले आहेत, आणि मातीच्या परीक्षणातून दिसलं की काही प्याले युबीआच्या मातीचे, तर काही इटलीतच घडवलेले. प्याला आला, त्याची नक्कल झाली, मग कुंभारही आला असावा. पण पाहा, व्हेईमध्ये आणि पोंतेकान्यानोत हे प्याले ज्या कबरींत आहेत त्या कबरींची मांडणी स्थानिकच राहिली. पिण्याची सवय बदलली. मरणाची रीत अजून बदलली नव्हती.

ती बदलली सातव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि तीही अगदी वरच्या थरात. पोंतेकान्यानोच्या ९२६ आणि ९२८ या दोन कबरी एकमेकींजवळ आहेत. दोन्हींत अस्थी कापडात गुंडाळून ब्राँझच्या कढईत ठेवलेल्या. सोबत पूर्वेकडून आलेली मौल्यवान भांडी, आणि चुलीवरचं सामान: मांस भाजायच्या लोखंडी सळया, त्या टेकवायचे चुलीतले आधार, कुऱ्हाड, सुरा. आता कोणी म्हणेल, दहनच ना, मग जुनीच रीत. तसं नाही. या वेळेपर्यंत पोंतेकान्यानोत बहुतेकांना पुरत असत. मातीचा कलश, वाडग्याचं झाकण, तोडलेला कान हे सगळं मागे पडलं होतं. या दोघांचं दहन म्हणजे आजोबांच्या रीतीकडे परतणं नव्हतं, ते नव्याने बाहेरून उचललेलं होतं.

कुठून? होमरच्या इलियडमध्ये पात्रोक्लसच्या अस्थी सोन्याच्या पात्रात ठेवून तलम कापडाने झाकतात, हेक्टरच्या अस्थी सोन्याच्या पेटीत जांभळ्या वस्त्रात. आणि हे केवळ काव्यात नाही. युबीआ बेटावरच्या एरेत्रियात, पश्चिम वेशीजवळ, आठव्या शतकाच्या अखेरच्या कबरींत ब्राँझच्या कढईत कापडात गुंडाळलेल्या अस्थी सापडल्या. कांपानियातच, ग्रीकांच्या क्युमे वसाहतीत, फोन्दो आर्तियाको इथल्या १०४ क्रमांकाच्या कबरीत अस्थी चांदीच्या पात्रात, ते पात्र ब्राँझच्या कढईत. पोंतेकान्यानोवर आयुष्यभर काम केलेल्या ब्रुनो द’आगोस्तिनो यांनी या कबरी एका साखळीत वाचल्या: थोर पुरुषाला कसा निरोप द्यायचा, याची एक सामायिक भाषा ग्रीक आणि एट्रुस्कन सरदारांमध्ये तयार झाली होती. मला हे वाचन पटतं, आणि ज्या तपशिलामुळे ते सर्वात जास्त पटतं तो क्युमेच्या कबरीतला आहे. तिथल्या ग्रीक सरदाराच्या कबरीत एट्रुस्कन बनावटीची ब्राँझची ढाल होती.

म्हणजे देवघेव दोन्ही बाजूंनी होती. ग्रीकांनी शिकवलं आणि एट्रुस्कन शिकले, असं चित्र पाठ्यपुस्तकांत फार दिवस चाललं. धातू एट्रुस्कनांकडे होता, ब्राँझ ठोकून पत्र्याची भांडी आणि ढाली बनवण्यात ते तरबेज होते, आणि विलानोव्हा पद्धतीची शिरस्त्राणं आणि इतर शस्त्रं ग्रीसमध्ये ऑलिंपियासारख्या ठिकाणी देवाला वाहिलेली सापडली आहेत. क्युमेच्या सरदाराच्या घरच्यांना त्याच्या कबरीत शेजाऱ्याची ढाल असणं भूषणावह वाटलं.

आता बायकांकडे वळते, कारण सीमेवरच्या देवाणघेवाणीचं खरं ओझं पुष्कळदा त्यांनी वाहिलं, आणि अभ्यासात त्यांच्यावर बराच अन्यायही झाला. १९५८ मध्ये व्हुल्चीच्या काव्हालुपो दफनभूमीत नवव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक कबर सापडली. विधी अस्सल विलानोव्हा: दहन, कलश, खड्डा. अस्थी स्त्रीच्या. सोबत सार्डिनिया बेटावरचं ब्राँझचं सामान, टोकदार टोपी आणि ढाल असलेली माणसाची छोटी मूर्ती, इवलंसं स्टूल, इवलीशी टोपली. असं सामान बाजारात विकत घेण्याजोगं नव्हतं. सार्डिनियात त्याला देवकार्यात आणि वरच्या घराण्यांत स्थान होतं. बहुतेक अभ्यासक मानतात की ही सार्डिनियाहून व्हुल्चीत दिलेली मुलगी. मलाही तेच सर्वात सयुक्तिक वाटतं. माहेरचं तिच्याबरोबर कबरीत गेलं, पण तिला निरोप दिला सासरच्या रीतीने. ती परकी राहिली नव्हती, आणि ती कुठून आली हे कुणी पुसूनही टाकलं नव्हतं.

पिथेकूसाईत याच मुद्द्यावर मोठा वाद आहे. तिथे १९५२ पासून उत्खनन करणाऱ्या जॉर्जो बुखनर यांच्या लक्षात आलं की या ग्रीक वसाहतीतल्या स्त्रियांच्या कबरींत कपड्यांच्या पिना जवळपास सगळ्या इटलीच्या बनावटीच्या आहेत. त्यांचा निष्कर्ष: ग्रीक पुरुष आले, त्यांनी स्थानिक मुलींशी लग्नं केली, आणि मुली आपला पोशाख घेऊन आल्या. निष्कर्ष आकर्षक आहे आणि त्यात काही अंशी तथ्यही असणार. पण पुढे आक्षेप आला तो रास्त आहे: पिना इटलीत चांगल्या मिळत असतील तर ग्रीक बाईही त्या वापरेल. एका पिनेवरून एक लग्न जुळवू नये. मी इथे व्हुल्चीच्या कबरीशी फरक करते तो असा, की तिथे एकच वस्तू नाही, एकत्र अर्थ देणारा वस्तूंचा संच आहे, आणि तो रोजच्या वापरातला नाही.

लिंग ओळखतानाही हीच सावधगिरी हवी. २०१३ मध्ये तारक्विनियाच्या दोगानाच्चा भागात सातव्या शतकाच्या अखेरची एक न फोडलेली कबर उघडली. एका ओट्यावर सांगाडा, शेजारी भाला. दुसऱ्या ओट्यावर जळालेल्या अस्थी. भाला पाहून ‘राजपुत्र’ सापडला अशी बातमी झाली. हाडांचं परीक्षण झालं तेव्हा सांगाडा पस्तीस-चाळीस वर्षांच्या स्त्रीचा निघाला आणि जळालेल्या अस्थी पुरुषाच्या. एकाच कबरीत, एकाच घराण्यात, एकाला जाळलं आणि एकाला पुरलं, हेही लक्षात ठेवा. दहन आणि दफन शेजारी दिसलं की लगेच दोन जमाती मानणाऱ्यांनी ही कबर जरूर विचारात घ्यावी.

हाडांविषयी बोलतेच आहे तर प्रयोगशाळेचं सांगते, कारण हल्ली लोक विचारतात, ‘डीएनए काढला की संपलं ना?’ २०२१ मध्ये एट्रुस्कनांवर एक मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्य आणि दक्षिण इटलीतल्या १२ ठिकाणच्या ८२ व्यक्ती, काळ इ.स.पू. ८०० ते इ.स. १०००. त्यातून दिसलं की एट्रुस्कनांची जनुकीय ठेवण शेजारच्या लॅटिन लोकांसारखीच होती, आणि नजीकच्या काळात अनातोलियातून (आजच्या तुर्कस्तानातून) आल्याची खूण त्यात नाही. भाषा इतकी वेगळी आणि रक्त शेजाऱ्यांसारखंच. एट्रुस्कन अनातोलियातल्या लिडियातून आले, या ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेल्या कथेवरचा हा मोठा घाव होता. काही व्यक्ती मात्र पूर्व भूमध्य, उत्तर आफ्रिका, मध्य युरोप अशा दूरच्या मुळांच्याही निघाल्या.

पण चितेच्या उष्णतेत डीएनए नष्ट होतो. म्हणजे ज्यांना पुरलं त्यांचंच जनुकीय वाचन होतं. विलानोव्हा काळातली बहुसंख्य माणसं, व्हेरुक्किओ आणि बोलोन्याची जवळपास सगळी, या वाचनाच्या बाहेर राहतात. विधीनेच नमुना गाळला आहे. जनुकीय निष्कर्ष वाचताना हे कायम ध्यानात असू द्या.

जळालेलं हाड मात्र मुकं नसतं. रंगावरून चितेची आच कळते: काळपट हाड कमी तापलेलं, करडं मध्यम, आणि पांढरं खडूसारखं झालेलं हाड सातशे-आठशे अंशांपलीकडे गेलेलं. वजनावरून कळतं की सावडणाऱ्यांनी सगळं उचललं की थोडंच. प्राचीन कलशांत बहुधा पूर्ण देहाच्या अस्थी नसतात, निवडून घेतलेल्या असतात. कवटीतल्या आतल्या कानाभोवतीचं हाड फार टणक असतं आणि आगीतूनही टिकतं. त्या हाडातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून माणूस लहानपणी कोणत्या मातीवर पिकलेलं अन्न खात होता याचा अंदाज येतो. पांढरं झालेलं हाड नंतर जमिनीतून फारसं काही शोषून घेत नाही, त्यामुळे ही मोजणी विश्वासार्ह ठरते. वस्तूंवरून मांडलेले सासर-माहेरचे तर्क तपासायला हेच साधन सर्वात उपयोगी आहे.

जुन्या हाडांकडे पुन्हा पाहिल्याने काय होतं, त्याचं उदाहरण पिथेकूसाईचंच. तिथल्या १६८ क्रमांकाच्या कबरीत ‘नेस्टरचा प्याला’ म्हणून प्रसिद्ध झालेलं, तीन ओळींचं ग्रीक लिखाण कोरलेलं भांडं मिळालं. ही कबर दहा ते चौदा वर्षांच्या मुलाची मानली जात होती, आणि मद्य आणि प्रेम यांवरच्या ओळी मुलाच्या कबरीत का, यावर पुष्कळ लिहिलं गेलं. २०२१ मध्ये जळालेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने तपासले तेव्हा त्यात मूल आढळलं नाही. निदान तीन प्रौढ माणसं, आणि सोबत प्राण्यांची हाडं निघाली.

शेवटी नावांबद्दल, कारण लिहिणं सुरू झाल्यावर एक वेगळीच साक्ष मिळते. सातव्या शतकातल्या तारक्विनियात एक नाव कोरलेलं सापडलं: रुतिले हिपुक्रातेस. पहिलं नाव लॅटिन रुतिलुस, घराण्याचं नाव ग्रीक हिप्पोक्रातेस, आणि लिहिलंय एट्रुस्कन पद्धतीने. आधीच्या पिढीतला कोणी ग्रीक इथे स्थायिक झाला, त्याचं व्यक्तिनाव पुढे घराण्याचं नाव झालं, आणि घर तारक्विनियाचं झालं. कोरिंथचा देमारातुस तारक्विनियात आला, त्याने स्थानिक स्त्रीशी लग्न केलं आणि त्याचा मुलगा पुढे रोमचा राजा झाला, ही परंपरागत कथा शब्दशः खरी असो वा नसो, अशी घरं होती यात शंका नाही.

याहून बोलकं ठिकाण म्हणजे ओर्व्हिएतो, तायबर खोऱ्यातलं, उंब्रियन लोकांच्या शेजारचं. इथल्या क्रोचिफिस्सो देल तुफो दफनभूमीत सहाव्या शतकापासूनच्या कबरी सरळ रस्त्यांच्या दुतर्फा, जवळपास एकाच मापाच्या, एकाच घडणीच्या. दारावर मालकाचं नाव: ‘मी अमक्याची’. बाहेरून सगळे सारखे. पण नावं वाचली की त्यांत इटलीच्या इतर भाषांतली मुळं दिसतात, आणि कातासिना हे घराण्याचं नाव तर केल्टिक मुळाचं आहे. केल्ट लोक पो खोऱ्यात इ.स.पू. ४०० च्या सुमारास मोठ्या संख्येने उतरले असं सहसा मानलं जातं, त्याच्याही आधी त्यांच्यातलं एक घर एट्रुस्कन शहरात नागरिकासारखी कबर बाळगून होतं.

म्हणून मूळ प्रश्नातलं ‘मिश्र’ हे विशेषण मी जपून वापरते. ओर्व्हिएतोत माणसं अनेक मुळांची आणि कबरी एकसारख्या. तारक्विनियाच्या दोगानाच्चात घर एक आणि विधी दोन. पोंतेकान्यानोत गाव एक, विधी दोन, आणि त्यावर सरदारांनी उचललेला तिसरा. कबर माणसाचा वंश सांगत नाही. पुरणाऱ्यांनी, जाळणाऱ्यांनी त्याला कुठल्या मंडळीत बसवलं, ते सांगते.

प्रत्यक्ष पाहायची संधी मिळाली तर व्हेरुक्किओचं संग्रहालय चुकवू नका. ते जुन्या ऑगस्टिनियन मठात आहे आणि सिंहासन तिथेच आहे. बोलोन्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कबरींचे संच ओळीने लावलेले आहेत, नवव्या शतकापासून पुढे चालत जाता येतं. पोंतेकान्यानोच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तर ‘सीमेवरचे एट्रुस्कन’ हेच आपल्या नावात घेतलं आहे. काचेमागच्या प्रत्येक संचात चकाकणाऱ्या वस्तूकडे नजर आधी जाते. तसं न करता अस्थी कशात होत्या ते पहिल्यांदा पाहा, मग त्यावर काय झाकलं होतं, मग देहावर किंवा कलशावर काय घातलं होतं, आणि सोबत ठेवलेली भांडी सगळ्यात शेवटी. त्या क्रमाने पाहिलं की युबीआचा प्याला असलेली साधी कबर आणि ९२६ क्रमांकाची कढईतली कबर यांच्यातला फरक फलक न वाचताही लक्षात येतो.